वाचक विचारतात : एवढ्या मोठ्या संख्येचे अवयव पाडायचे कसे?

या वेळच्या टपालात डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत बहुतेकांची अडचण एकच आहे : संख्या दहा अंकांच्या पुढे गेली की सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. निवडक पत्रांना उत्तरे देत आहोत. घात दाखवायला ^ ही खूण वापरली आहे, म्हणजे २^५ = ३२. मोठ्या संख्या मुद्दाम स्वल्पविरामाशिवाय छापल्या आहेत, कारण त्यांचे तीन-तीन अंकांचे गट पुढे वेगळ्या कामासाठी पाडायचे आहेत.

प्रश्न : १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या मूळ आहे का? ३ ने भाग जातो एवढे दिसले. पुढे ७, ११, १३ करत गेलो आणि कंटाळून सोडून दिले. हिला एकूण विभाजक किती? (एक पालक, डहाणू)

मूळ नाही. विभाजक ४५ आहेत. पण तुम्ही धरलेल्या वाटेने गेलात तर ३७ ला एकदा यश येते आणि त्यानंतर थेट ३३३६६७ पर्यंत हाती काही लागत नाही. मधे अठ्ठावीस हजारांवर मूळ संख्या आहेत. कंटाळलात ते बरेच झाले.

भाग घालत सुटण्याआधी संख्या बनली कशी ते पाहावे. नऊ एकांची संख्या, १११११११११, स्वतःशी गुणा. शाळेतल्या रीतीने नऊ ओळी मांडल्या की प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. उजवीकडून पहिल्या स्तंभात एक १ येतो, दुसऱ्यात दोन, असे चढत नवव्या स्तंभात नऊ, आणि तिथून उतरण. कुठल्याही स्तंभाची बेरीज ९ च्या पुढे जात नाही, हातचा येतच नाही, म्हणून उत्तर हुबेहूब तुमची संख्या. दहा एक घेऊन पाहा : मधल्या स्तंभात १० येतात, हातचा सरकतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे मोडके येते. डावीकडचा ८ नाहीसा झालेला दिसेल.

तुमचे पत्र डहाणूचे आहे म्हणून सांगायला हवे की एकांच्या या वर्गांचा छंद तुमच्याच गावच्या माणसाला होता. द. रा. कापरेकर यांचा जन्म डहाणूचा, १९०५ सालचा. जी.आय.पी. रेल्वेच्या ज्या स्थानकावर ही कल्पना सुचली त्यावरून त्यांनी यांना ‘डेम्लो संख्या’ म्हटले. १९२७ मध्ये त्यांना जे गणिताचे पारितोषिक मिळाले ते रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचे, आणि परांजपे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे.

आता अवयव. तुमची संख्या वर्ग आहे, तेव्हा सतरा अंकांशी झुंजायचे कारण नाही, नऊ अंकांचेच अवयव पाडायचे. नऊ एकांचे तीन-तीनचे गट पडतात, म्हणून १११ ने भाग जाणारच :

१११११११११ = १११ × १००१००१

१११ = ३ × ३७. आणि १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून १००१००१ = ३ × ३३३६६७. म्हणजे नऊ एक = ३^२ × ३७ × ३३३६६७, आणि तुमची संख्या = ३^४ × ३७^२ × ३३३६६७^२.

इथे बरेच जण थांबतात आणि ३३३६६७ मूळ आहे हे गृहीत धरतात. ते तपासायला हवे. त्याचे वर्गमूळ ५७७ च्या किंचित पुढे आहे, आणि ५७७ पर्यंत १०६ मूळ संख्या आहेत. एवढे भागाकार एका दुपारचे काम, पण तेवढेही लागत नाहीत. समजा प ही मूळ संख्या ३३३६६७ ला भागते. मग ती १००१००१ लाही भागते आणि म्हणून १०^९ − १ लाही. याचा अर्थ १० चे घात प ने भागत गेलो तर नवव्या घाताला बाकी १ येते. ती याआधीच, पहिल्या किंवा तिसऱ्या घाताला, आली असती तर १०^६ + १०^३ + १ ची बाकी १ + १ + १ = ३ झाली असती, आणि मग प = ३ खेरीज मार्ग नव्हता. पण ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, म्हणजे ३ बाद. तेव्हा नऊ हीच पहिली वेळ, आणि फर्माच्या छोट्या प्रमेयामुळे (१०^(प−१) ला प ने भागून बाकी १ येते) ९ ने प − १ ला भाग जायलाच हवा. प विषम आहे, म्हणून प हा १८ च्या पटीत १ मिळवूनच मिळेल.

१०६ पैकी उरल्या सतरा : १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. पहिलीला बाकी ८, ३७ ला १, ७३ ला ५७, आणि शेवटच्या ५७७ ला १६१ (५७७ × ५७८ = ३३३५०६). मधल्या तुम्ही करून पाहा, एकीनेही भाग जात नाही. ३३३६६७ मूळ आहे. जाता जाता : १ ला ३३३६६७ ने भागले तर दशांशात ०००००२९९७ हे नऊ अंक अखंड फिरत राहतात, आणि अशी नऊ अंकांची फेरी असणारी मूळ संख्या ही एकटीच.

विभाजक मोजायला प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणायचे : (४+१) × (२+१) × (२+१) = ४५. वर्गसंख्येचे विभाजक नेहमी विषम भरतात. तुमचे उत्तर सम आले तर कुठेतरी घातांक निसटला आहे. सगळ्या विभाजकांची बेरीज हवी असेल तर तीन कंस :

(१ + ३ + ९ + २७ + ८१) = १२१
(१ + ३७ + १३६९) = १४०७
(१ + ३३३६६७ + १११३३३६६६८८९) = १११३३४०००५५७

गुणाकार १८९५४२७९५९२८२७५७९. यातून मूळची संख्या वजा केली तर ६६०८६००६०५१७३२५८ उरतात, म्हणजे स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज संख्येच्या निम्म्याहून थोडी जास्त. परिपूर्ण संख्येच्या (जिथे ही बेरीज नेमकी संख्येएवढी भरते) जवळपासही नाही.

एक सापळा. या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आहे आणि तिला ८१ ने भाग जातोही, भागाकार १२३४५६७९ चा वर्ग, १५२४१५७८९९७१०४१. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’ नाव दिले. पण बेरीज ८१ आली *म्हणून* ८१ ने भाग गेला असे नव्हे. बेरजेची कसोटी ३ आणि ९ पुरतीच खरी. १८९९ च्या अंकांची बेरीज २७ आहे, तरी २७ ने भागल्यावर बाकी ९ राहते.

प्रश्न : वरचीच संख्या स्प्रेडशीटमध्ये टाकली तर शेवटचे दोन अंक शून्य होतात. फोनवर वेगळेच दिसते. बिघाड कशात? (चिपळूण)

बिघाड नाही, तिथे जागा तेवढीच आहे. एक्सेल संख्येचे पंधराच अंक राखते. सतरा अंक टाकलेत की १२३४५६७८९८७६५४३०० उरते, शेवटचे २१ गेले. या कापलेल्या संख्येला ३७ ने भागले तर बाकी १६, आणि १०० ने मात्र खुशाल भाग जातो. म्हणजे दोन्ही निष्कर्ष चूक, आणि पडद्यावर इशारा काही नाही.

ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्ट या संगणकभाषेत हीच संख्या ...३२० अशी होते. तिथे पूर्णांकांची सलग रांग २^५३, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच मिळते; त्यापुढे पहिल्या टप्प्यात फक्त सम संख्या बसतात. तुमची विषम, ती शेजारच्या समावर जाऊन बसली.

घरातला रकाना ‘मजकूर’ प्रकारचा केला तर अंक टिकतात, पण हिशेब होत नाही. अचूक काम हवे असेल तर पायथन ही संगणकभाषा वापरा, तिथे पूर्णांकांना मर्यादा नाही. लिनक्स असेल तर ‘फॅक्टर’ ही आज्ञा थेट अवयव देते. सी किंवा जावा शिकत असाल तर ध्यानात ठेवा, चिन्हासह ६४ बिटांत ९२२३३७२०३६८५४७७५८०७ च्या पुढे जाता येत नाही. पुढे रत्नागिरीच्या प्रश्नात येणारी वीस अंकी संख्या नेमकी याच्याबाहेर आहे.

प्रश्न : १००० चा क्रमगुणाकार (१ ते १००० सगळ्यांचा गुणाकार) किती शून्यांनी संपतो? (अलिबाग)

२४९. २ चे अवयव मुबलक असतात, तेव्हा ५ मोजा : १००० ला ५, २५, १२५, ६२५ ने भागून पूर्णांक भाग मिळवा, २०० + ४० + ८ + १. फक्त ५ च्या पटी मोजून २०० लिहिणारे २५, १२५ आणि ६२५ मधले जादा पाच विसरतात.

प्रश्न : नऊऐवजी दहापर्यंत चढून उतरलो तर १२३४५६७८९१०९८७६५४३२१ मिळते. हीसुद्धा एकांचा वर्ग का नाही, आणि हिचे अवयव काय? (बारावीतली विद्यार्थिनी, रत्नागिरी)

वर्ग का नाही ते वर आलेच, दहा एकांना हातचा येतो. तू अंक नुसते शेजारी चिकटवलेस, त्यामागे गुणाकार नाही. आणि गंमत अशी की हिला अवयवच नाहीत. ही वीस अंकी संख्या मूळ आहे.

पटकन करता येतील त्या चाचण्या आधी. अंकांची बेरीज ९१, म्हणून ३ बाद. शेवटचा अंक १, म्हणून २ आणि ५ बाद. मग ७, ११, १३ एका झटक्यात, कारण ७ × ११ × १३ = १००१. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाड आणि आळीपाळीने अधिक-वजा कर :

३२१ − ६५४ + ९८७ − ९१० + ६७८ − ३४५ + १२ = ८९

८९ ला तिघांपैकी कोणीही भागत नाही, म्हणजे तुझ्या वीस अंकी संख्येलाही नाही. गट *उजवीकडूनच* पाडायचे. डावीकडून १२३, ४५६, ७८९ असे पाडलेस तर शेवटी २१ असा दोन अंकी तुकडा राहतो, उत्तर ७०१ येते आणि ११ ने भागल्यावरची बाकी १ ऐवजी ८ निघते. वीस अंकांत ही चूक हमखास होते, कारण वीसला तिनाने भाग जात नाही. हेच गट नुसते मिळवले (वजा न करता) तर ३७ ची परीक्षा होते, कारण ९९९ = २७ × ३७. बेरीज ३९०७, परत मिळवून ३ + ९०७ = ९१०, आणि ९१० ला ३७ ने भागल्यावर २२ उरतात. ३७ ही बाद.

यापुढे भाग घालणे व्यर्थ आहे. वर्गमूळ साडेतीन अब्जांच्या आसपास, तिथपर्यंत सोळा-सतरा कोटी मूळ संख्या. म्हणून अवयव न शोधता मूळपणा तपासायचा.

फर्माची साधी चाचणी अशी : संख्या न मूळ असेल तर २^(न−१) ला न ने भागून बाकी १ आलीच पाहिजे. बाकी १ नाही आली तर ‘न’ निश्चित संयुक्त. पण आली तर मात्र खात्री नाही. ३४१ = ११ × ३१ ही त्याची कुप्रसिद्ध साक्षीदार : २^१० = १०२४ = ३ × ३४१ + १, म्हणून २^३४० चीही बाकी १. आणि ५६१ = ३ × ११ × १७ तर स्वतःशी सामाईक अवयव नसलेल्या कुठल्याही पायाला (२ च्या जागी घेतलेल्या संख्येला) फसवते.

म्हणून मिलर-राबिन ही जास्त कडक चाचणी. पायऱ्या तुझ्याच संख्येवर :

न − १ = १२३४५६७८९१०९८७६५४३२०. यातून २ जितके निघतील तितके काढ. शेवटचे चार अंक ४३२० ला १६ ने भाग जातो, शेवटचे पाच ५४३२० ला ३२ ने जात नाही. म्हणून न − १ = १६ × ७७१६०४९३१९३६७२८३९५. या विषम भागाला द म्हणू.

पाया म्हणून २ घे आणि २^द ची न ने बाकी काढ. प्रत्येक पायरीला वर्ग करून लगेच बाकी घ्यायची. द साठ बिटांचा आहे, म्हणून एकोणसाठ वर्ग पुरतात. बाकी १ किंवा न − १ आली तर या पायाने संख्या उत्तीर्ण. नाही आली तर बाकीचा वर्ग कर, जास्तीत जास्त तीनदा (१६ = २^४, म्हणून तीन). वाटेत न − १ दिसला तर उत्तीर्ण. नाही दिसला तर संयुक्त, तिथेच निकाल.

एका पायावर विसंबायचे नाही. पण २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१, ३७ हे बारा पाया घेतले तर ३१८६६५८५७८३४०३११५११६७४६१ च्या खालच्या कुठल्याही संख्येबाबत मिलर-राबिनचा कौल अंदाज राहत नाही, सिद्धता होतो. तुझी संख्या त्याच्या फार खाली आहे.

पायथनमध्ये करताना ‘पॉव’ आज्ञेला तिसरा आकडा म्हणून ‘न’ ही संख्या दिलीच पाहिजे, ते विसरू नकोस. पाया आणि घातांक असे दोनच दिलेस तर संगणक तो घात प्रत्यक्ष लिहायला बसेल आणि त्याची स्मृती संपेल. आय.आय.टी. कानपूरच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी २००२ मध्ये कोणत्याही संख्येसाठी निश्चित आणि तत्त्वतः जलद अशी चाचणी दिली. सिद्धांत म्हणून ती मोठी गोष्ट आहे, पण वीस अंकांसाठी ती कोणी वापरत नाही, बारा पायांचे काम त्याहून कितीतरी हलके आहे.

प्रश्न : संख्या संयुक्त आहे हे माहीत, पण अवयव माहीत नाही, हे शक्य आहे? (शिक्षक, गुहागर)

शक्य आहे आणि नेहमीचे आहे. वरची चाचणी ‘नापास’ म्हणते तेव्हा अवयव सांगत नाही. जुने उदाहरण २^६७ − १ = १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. ती संयुक्त असल्याचे ल्यूकास यांनी १८७६ मध्ये दाखवले. अवयव मिळाले १९०३ मध्ये, फ्रँक नेल्सन कोल यांना : १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७.

डहाणूच्या उत्तरातली युक्ती इथेही चालते. प ने २^६७ − १ ला भाग जात असेल तर ६७ ने प − १ ला भाग जातो (६७ मूळ आहे, म्हणून याआधी बाकी १ येऊ शकत नाही). म्हणून प = १३४ × क + १. शिवाय ८ ने भागल्यावर प ची बाकी १ किंवा ७ च असते, त्यामुळे क ला ४ ने भागून बाकी २ किंवा ३ येत असेल ते सगळे क गळतात. कोलचा छोटा अवयव क = १४४५५८० ला सापडतो. पडताळा : १३४ × १४४५५८० = १९३७०७७२०.

वर्गात गुणाकार पूर्ण करायला वेळ नसेल तर १००१ ची बाकी घेऊन आकडे नीट उतरले आहेत का ते पाहता येते. पहिल्याचे गट ७२१ − ७०७ + १९३ = २०७, दुसऱ्याचे २८७ − २५७ + ८३८ − ७६१ = १०७. गुणाकार २२१४९, त्याचे १४९ − २२ = १२७. डावीकडच्या एकवीस अंकी संख्येचे गट ११२८ देतात, म्हणजे १००१ वजा करून १२७. जुळले. एखादा अंक चुकला असता किंवा शेजारचे दोन उलटे पडले असते तर ही तपासणी नक्की बोंबलली असती. तीन-तीनचे दोन अख्खे गट अदलाबदल झाले, मधला एक गट सोडून, तर मात्र ती गप्प राहते.

प्रश्न : सुपाऱ्या २-२, ३-३ असे करत १०-१० च्या ढिगांत मांडल्या तर दर वेळी शेवटच्या ढिगात एक कमी पडते, उत्तर २५१९, हे जुने कोडे. २० पर्यंत नेले तर? (श्रीवर्धन)

२३२७९२५५९. एक सुपारी मिळवा, म्हणजे सगळे ढीग पूर्ण होतात. म्हणून हवा तो १ ते २० चा लसावि उणे १. लसावि काढताना वीस आकडे गुणत बसू नका. त्याने २४३२९०२००८१७६६४०००० येते, तेही चालते पण सर्वांत लहान नाही. प्रत्येक मूळ संख्येचा २० च्या आत मावणारा सर्वांत मोठा घात घ्या : १६, ९, ५, ७, ११, १३, १७, १९. गुणाकार २३२७९२५६०.

तुम्ही २० म्हणालात, पण २१ आणि २२ फुकट मिळतात, कारण ३, ७, २ आणि ११ आधीच आत आहेत. २३ ला मात्र सगळे २३ पट होते. कोडे ‘एक कमी पडते’ ऐवजी ‘एक उरते’ असे सांगितले तर उत्तर लसावि अधिक १, म्हणजे दहापर्यंत २५२१. ही दोन रूपे लोक सर्रास मिसळतात. आणि एक सुपारी दहा ग्रॅमची धरली तर तुमच्या ढिगाचे वजन २३२८ टनांच्या घरात जाते, श्रीवर्धनी रोठ्यालाही जरा जास्तच.

प्रश्न : आमसुले आणि कोकम सरबताच्या बाटल्यांवर तेरा अंकी बारकोड लावतो. शेवटचा अंक कसा ठरतो? हाताने टाकताना दोन अंक उलटले तर पकडले जाते का? (मालवण)

पहिले बारा अंक घ्या, डावीकडून विषम जागांचे अंक तसेच आणि सम जागांचे तिप्पट करून मिळवा. बेरीज दहाच्या पुढच्या पटीला न्यायला जितके लागतात तो तेरावा अंक. ८९०१२३४५६७८९ घेतले (८९० ही भारताची सुरुवात) तर २८ + ३ × ३४ = १३०, शून्य लागतात, तेरावा अंक ०.

एक अंक चुकला तर नेहमी पकडला जातो. शेजारचे दोन उलटले तर बहुतेकदा. बेरजेत फरक पडतो तो त्या दोन अंकांतल्या फरकाच्या दुप्पट. तो फरक ५ असेल तर दुप्पट १०, आणि १० च्या हिशेबात १० म्हणजे शून्य. म्हणून २७ चे ७२, १६ चे ६१, ०५ चे ५० झाले तर यंत्र हूं की चूं करत नाही. नव्वद शक्य जोड्यांपैकी दहा अशा. दोष १० चा आहे, ती मूळ संख्या नाही. पुस्तकांवरच्या जुन्या दहा अंकी आय.एस.बी.एन. क्रमांकामध्ये ११ ने भागत, तिथे ही पळवाट नव्हती. त्या बदल्यात कधी कधी शेवटी ‘एक्स’ लिहावा लागे. आधार क्रमांकाच्या शेवटच्या अंकाला व्हेरहूफ पद्धत वापरतात. तीत अंक दहाच राहतात, पण साध्या बेरजेऐवजी क्रम बदलला की उत्तर बदलेल अशी क्रिया घेतली आहे. म्हणून शेजारची कुठलीही अदलाबदल तिथे सापडते.

बाटल्यांवर लावताना अंक हाताने टाकूच नका, छापलेल्या रेघा वाचून घ्या.

प्रश्न : सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या चार कोटी अंकांची आहे म्हणतात. अंक मोजले कोणी? शेवटचे अंक कागदावर काढता येतील? (वेंगुर्ले)

२^१३६२७९८४१ − १, ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाली. ल्यूक ड्युरांट यांना जिम्प्स या सामूहिक शोधात सापडली. अंक ४१०२४३२०, चार कोटी दहा लाख चोवीस हजार तीनशे वीस. कोणी मोजत बसत नाही : घातांकाला २ च्या लॉगने गुणायचे, पूर्णांक भाग घ्यायचा, एक मिळवायचा.

पण शाळेतल्या कोष्टकातला ०.३०१०३ घेतलात तर गुणाकार ४१०२४३२०.५३६ येतो आणि अंक एकाने जास्त निघतात. लॉग ०.३०१०२९९९५६६४ असा घ्या. गुणाकार ४१०२४३१९.९४५ येतो, आणि अंक ४१०२४३२०. कोष्टकातली ती क्षुल्लक चूक साडेतेरा कोटींनी गुणली जाते, म्हणून कोष्टक इथे चालत नाही. उरलेल्या .९४५ वरून संख्येची सुरुवातही कळते : १० चा ०.९४५ वा घात ८.८ च्या आसपास, म्हणजे पहिले दोन अंक ८८.

शेवटचे दोन अंक तर तोंडी. २ च्या घातांचे शेवटचे दोन अंक दर वीस घातांनी परत येतात. घातांकाचे शेवटचे दोन अंक ४१, २० ने भागून बाकी १. इथे घाई करून २^१ = ०२ धरले तर उत्तर ०१ येते, आणि ते चूक आहे : फेरी २^२ पासून सुरू होते, २^१ तिच्यात कधीच परत येत नाही (४ ने भाग जाणारी संख्या ०२ ने कशी संपेल?). बाकी १ आली की २^२१ घ्यायचा. २०९७१५२, शेवटी ५२, एक वजा करून ५१.